विश्लेषण : निळ्या सीरमची जादू किती खरी? ‘कॉपर पेप्टाइड’ त्वचेसाठी खरेच उपयुक्त आहे का?

सुरकुत्या घालवणारे, डाग पुसणारे, जखमा भरून काढणारे अशी ख्याती घेऊन ‘कॉपर पेप्टाइड’ सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात स्थिरावले आहे. पन्नास वर्षांपूर्वी यकृताच्या संशोधनातून सापडलेला हा रेणू चेहऱ्यापर्यंत कसा पोहोचला, त्याचे दावे कितपत सिद्ध झाले आहेत आणि त्याच्या इंजेक्शनबाबत सावध का राहायला हवे, याविषयी...

त्वचेची निगा राखण्यासाठी सध्या बाजारात मिळणाऱ्या असंख्य सीरममध्ये एक बाटली चटकन ओळखू येते. तिच्यातील द्रव निळा असतो. हा निळा रंग बहुतेक वेळा वरून मिसळलेला नसतो, तर तो त्यातील तांब्याचा असतो. ‘कॉपर पेप्टाइड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या घटकाविषयी समाजमाध्यमांवर टोकाची मते दिसतात. काहींच्या मते हे वार्धक्य थोपवणारे रसायन आहे, तर काहींच्या मते हा निव्वळ विक्रीचा फंडा आहे. प्रत्यक्षात या रेणूमागे बऱ्यापैकी गंभीर विज्ञान आहे. मात्र प्रयोगशाळेतील पेशींवर दिसलेला परिणाम आणि माणसाच्या चेहऱ्यावर दिसणारा परिणाम यांत मोठे अंतर आहे. ते अंतर समजून घेतले, तर पैसे कुठे खर्च करायचे आणि धोका कुठे आहे, हे ठरवणे सोपे जाते.

कॉपर पेप्टाइड म्हणजे नेमके काय?

प्रथिने अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्यांपासून बनतात. हीच साखळी आखूड असेल, तर तिला पेप्टाइड म्हणतात. सौंदर्यप्रसाधनांत सर्वाधिक वापरले जाणारे कॉपर पेप्टाइड केवळ तीन अमिनो आम्लांचे असते : ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन. या तिघांच्या शास्त्रीय संक्षेपावरून त्याला ‘जीएचके’ म्हटले जाते. त्याला तांब्याचा एक आयन जोडला गेला की ते ‘जीएचके-सीयू’ होते. प्रसाधनाच्या वेष्टनावर मात्र ते ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-१’ या नावाने नोंदवलेले असते.

हे तीन दुवे तांब्याला चिमट्यासारखे धरून ठेवतात. ग्लायसिनच्या टोकाचा नायट्रोजन, ग्लायसिन व हिस्टिडिन यांच्यामधील बंधातील नायट्रोजन आणि हिस्टिडिनच्या वलयातील नायट्रोजन अशा तीन ठिकाणी तांबे पकडले जाते. ही पकड इतकी घट्ट असते की रक्तात तांबे वाहून नेणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाशी ती तुल्यबळ मानली जाते. त्यामुळे हा रेणू अल्ब्युमिनकडून तांबे घेऊ शकतो आणि पेशींपर्यंत पोहोचवू शकतो. मोकळे तांबे पेशींना घातक ठरू शकते, तर बांधलेले तांबे सुरक्षितपणे हाताळता येते. कॉपर पेप्टाइडचे महत्त्व याच कामात आहे.

या रेणूचा शोध कसा लागला?

या शोधाची सुरुवात त्वचेपासून झालेली नाही. अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन पिकार्ट हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यकृताच्या पेशींवर काम करत होते. त्यांनी दिलेल्या माहितीनुसार, वयस्कर व्यक्तींच्या यकृताच्या पेशी तरुणांच्या रक्तद्रवात ठेवल्या असता त्या तरुण पेशींप्रमाणे प्रथिने बनवू लागल्या. रक्तद्रवातील कोणता घटक हे घडवतो, याचा शोध घेताना अल्ब्युमिनसोबत असलेला हा तीन दुव्यांचा रेणू हाती लागला. १९७३ मध्ये त्यासंबंधीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे १९८० मध्ये ‘नेचर’मधील निबंधात हा रेणू पेशींना तांबे मिळवून देत असावा, अशी मांडणी पिकार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली.

पिकार्ट यांच्या लेखनात एक आकडेवारी वारंवार येते. वयाच्या विशीत रक्तद्रवात जीएचकेचे प्रमाण प्रतिमिलिलिटर सुमारे २०० नॅनोग्रॅम असते आणि साठीपर्यंत ते सुमारे ८० नॅनोग्रॅमवर येते. जाहिरातींमध्ये हाच आकडा ‘वय वाढते कारण पेप्टाइड घटते’ अशा अर्थाने वापरला जातो. मात्र वयाबरोबर शरीरातील अनेक घटकांचे प्रमाण बदलते. एखादी गोष्ट वयानुसार कमी होते, एवढ्यावरून तीच वार्धक्याचे कारण आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. ती बाहेरून लावल्याने वय मागे सरकते, हा तर त्याहून पुढचा दावा झाला.

त्वचेला तांब्याची गरज कशासाठी असते?

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण १०० मिलिग्रॅम तांबे असते. प्रौढांची तांब्याची दैनंदिन गरज ०.९ मिलिग्रॅम मानली जाते आणि डाळी, तीळ, शेंगदाणे, काजू, तृणधान्ये यांतून ती सहसा भागते. प्रमाण अल्प असले तरी त्वचेची किमान तीन महत्त्वाची कामे तांब्यावर अवलंबून असतात.

पहिले काम मजबुतीचे. त्वचेला ताण देणारे कोलॅजन आणि लवचीकता देणारे इलास्टिन यांचे धागे एकमेकांना जोडण्याचे काम ‘लायसिल ऑक्सिडेज’ हे विकर करते. तांब्याशिवाय ते चालत नाही. दुसरे काम रंगाचे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन बनवणाऱ्या ‘टायरोसिनेज’ या विकरातही तांबे असते. तिसरे काम संरक्षणाचे. पेशींतील घातक ऑक्सिजन-कणांना निष्प्रभ करणाऱ्या ‘सुपरऑक्साइड डिस्म्युटेज’च्या एका प्रमुख प्रकारात तांबे आणि जस्त दोन्ही असतात.

तांबे पेशींना मिळालेच नाही तर काय होते, हे ‘मेन्केस’ या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दिसते. १९६२ मध्ये वर्णन केल्या गेलेल्या या आजारात तांबे वाहून नेणारी यंत्रणा बिघडलेली असते. बाळाचे केस विरळ, ठिसूळ आणि पीळ पडलेले होतात, त्वचा सैल पडते आणि मेंदूच्या वाढीवर गंभीर परिणाम होतो. याउलट ‘विल्सन’ या आजारात तांबे शरीराबाहेर टाकले जात नाही आणि ते यकृत व मेंदूत साठत जाते. थोडक्यात, तांबे कमी पडले तरी अपाय होतो आणि साठले तरी अपाय होतो.

जखम भरताना कॉपर पेप्टाइड काय करते?

या प्रश्नावरचे सर्वांत भक्कम काम फ्रान्समधील आहे. फ्रान्स्वा-झाव्हिए माकार आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, त्वचेतील तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना जीएचके-सीयू दिले असता त्या अधिक कोलॅजन बनवतात. विशेष म्हणजे त्यासाठी लागणारे प्रमाण अत्यंत सूक्ष्म होते. १९९३ मध्ये याच गटाने उंदरांच्या कृत्रिम जखमांमध्ये हे पेप्टाइड सोडले आणि तिथे संयोजी ऊतक अधिक प्रमाणात जमा झाल्याचे दाखवले.

या संशोधनातून एक लक्षवेधी शक्यता पुढे आली. ग्लायसिन-हिस्टिडिन-लायसिन हा क्रम कोलॅजनच्या एका साखळीतच दडलेला आहे. म्हणजे त्वचा कापली गेली, जखमेतील विकरांनी तुटलेले कोलॅजन कुरतडले, की हा तुकडा सुटा होऊ शकतो आणि आसपासच्या पेशींना ‘इथे दुरुस्ती हवी आहे’ असा निरोप देऊ शकतो. शिवाय हे पेप्टाइड केवळ नवे तंतू बनवायला लावत नाही, तर जुने, विस्कळीत तंतू तोडणाऱ्या विकरांचे प्रमाणही वाढवते, असे त्याच गटाच्या पुढील कामात दिसले. घराची डागडुजी करताना आधी भेगाळलेला गिलावा खरवडावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. जखम भरण्यासाठी ही दोन्ही कामे आवश्यक असतात.

मग ते जखमेवरचे औषध का झाले नाही?

पेशी आणि उंदीर यांच्यापुढे माणसांवरील चाचणीची पायरी असते. ऐंशीच्या दशकात पिकार्ट यांनी ‘प्रोसाइट’ नावाची कंपनी स्थापन केली आणि जखमांसाठीच्या जेलवर काम सुरू झाले. त्यातून आलेले निष्कर्ष संमिश्र होते.

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पायाच्या शिरांच्या विकारामुळे झालेल्या जुनाट व्रणांवर तीन प्रकारची मलमे वापरून पाहण्यात आली : चांदीयुक्त सिल्व्हर सल्फाडायझिन, ट्रायपेप्टाइड-कॉपर आणि औषध नसलेले साधे मलम. रुग्णांना कोणते मलम मिळाले आहे, हे मोजमाप करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. चांदीयुक्त मलमाने व्रणांचा आकार लक्षणीयरीत्या कमी झाला. तांब्याच्या पेप्टाइडचा परिणाम मात्र साध्या मलमापेक्षा सरस ठरला नाही. त्यानंतर १९९४ मध्ये मधुमेहींच्या तळपायाच्या व्रणांवरील अभ्यासात या जेलने जखम लवकर भरत असल्याचे आशादायक निष्कर्ष आले. पण त्या आशेचे मान्यताप्राप्त औषधात रूपांतर झाले नाही.

भारतासाठी ही बाब महत्त्वाची आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, रक्तपुरवठा मंदावतो आणि साधी चप्पल लागून झालेली जखमही चिघळू शकते. अशा जखमेवर ‘ऊतकांची दुरुस्ती’ असे लिहिलेले प्रसाधन लावून वाट पाहणे धोकादायक ठरते. जखम स्वच्छ करणे, मृत ऊतक काढणे, जंतुसंसर्गावर उपचार, पायावरील दाब कमी करणे आणि साखर नियंत्रणात ठेवणे हेच आजही मधुमेही पायाच्या उपचाराचे आधारस्तंभ आहेत. या कामांत गेलेला वेळ वाया गेला, तर बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येते. शिवाय सौंदर्यप्रसाधनाची बाटली उघड्या जखमेसाठी निर्जंतुक केलेली नसते.

सुरकुत्यांवर कितपत पुरावा आहे?

औषधाचा मार्ग अडखळला, तरी सौंदर्यप्रसाधनांचा मार्ग मोकळा होता. प्रसाधन बाजारात आणण्यासाठी औषधाइतक्या कडक चाचण्यांची गरज नसते. दोन हजार सालाच्या सुमारास ‘न्यूट्रोजिना’ने तांबेयुक्त क्रीमची श्रेणी आणली आणि हा घटक घराघरांत पोहोचला.

२००२ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांच्या वार्षिक संमेलनात सादर झालेल्या एका अभ्यासात उन्हाने खराब झालेली त्वचा असलेल्या ७१ महिलांनी १२ आठवडे कॉपर पेप्टाइडचे क्रीम वापरले. त्वचेचा घट्टपणा, तजेला वाढल्याचे आणि बारीक रेषा कमी झाल्याचे त्यात नोंदवले गेले. आजही बहुतांश जाहिराती अशाच अभ्यासांचा आधार घेतात. मात्र त्यांच्या मर्यादा लक्षात घ्यायला हव्यात. सहभागींची संख्या कमी, कालावधी तीन महिन्यांचा, अनेक अभ्यास केवळ संमेलनात मांडलेले आणि काहींमध्ये उत्पादक कंपनीशी संबंधित संशोधकांचाच सहभाग होता.

याउलट २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास बरेच काही सांगून जातो. चेहऱ्यावर कार्बन डायऑक्साइड लेझरचे उपचार घेतलेल्या १३ रुग्णांपैकी काहींना नंतर कॉपर पेप्टाइडची उत्पादने देण्यात आली. छायाचित्रे पाहून मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांना दोन गटांतील सुरकुत्यांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. पण कॉपर पेप्टाइड वापरणाऱ्यांना मात्र आपली त्वचा अधिक चांगली झाली असे वाटले. वापरणाऱ्याचे समाधान खोटे नसते. त्वचा मऊ, ओलसर झाल्याचा अनुभव खरा असू शकतो. पण तो पेप्टाइडमुळे की त्यासोबतच्या ग्लिसरिन, हायल्युरॉनिक आम्लासारख्या ओलावा धरणाऱ्या घटकांमुळे, हे तुलनात्मक चाचणीशिवाय सांगता येत नाही.

अलीकडे ‘हे पेप्टाइड हजारो जनुकांवर परिणाम करते’ असाही दावा केला जातो. त्यामागे पेशींवरील माहितीसाठ्याचे संगणकीय विश्लेषण आहे. अशा विश्लेषणातून पुढील संशोधनाची दिशा मिळते. चेहऱ्यावर लावलेल्या थेंबाने तेच बदल घडतील, हे त्यातून सिद्ध होत नाही.

त्वचेतून ते आत जाते का?

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशी आणि स्निग्ध द्रव्ये यांचा बनलेला असतो. विटा आणि सिमेंटच्या भिंतीसारखी ही रचना बाहेरचे पदार्थ रोखण्यासाठीच असते. रेणूचे वजन ५०० डाल्टनपेक्षा जास्त असेल तर तो ही भिंत सहसा ओलांडत नाही, असा ढोबळ नियम आहे. जीएचके-सीयूचे वजन साधारण ४०० डाल्टन आहे. त्यामुळे ते या परीक्षेत उत्तीर्ण होते. पण अडचण दुसरी आहे. हा रेणू पाण्यात सहज विरघळणारा आणि विद्युतभारित आहे. स्निग्ध थरातून जाणे अशा रेणूंना कठीण जाते.

प्रयोगशाळेत काढून ठेवलेल्या मानवी त्वचेवर केलेल्या प्रयोगांत तांब्याचा काही अंश आतील थरांत पोहोचल्याचे आढळले आहे. मात्र हे प्रमाण अल्प असते आणि ते उत्पादनाच्या बनावटीवर बरेच अवलंबून असते. सूक्ष्म सुयांचे रोलर वापरून त्वचेला छिद्रे पाडली की शोषण वाढते. पण घरच्या घरी असे प्रयोग केल्यास जंतुसंसर्ग, दाह आणि त्यानंतर राहणारे काळे डाग यांचा धोका असतो. आपल्याकडील सावळ्या, गव्हाळ त्वचेवर दाहानंतरचे डाग अधिक काळ टिकतात, हेही ध्यानात ठेवायला हवे.

बाटलीत नेमके किती तांबे असते?

याचे गणित सोपे आहे. जीएचके-सीयूच्या वजनापैकी जवळपास १६ टक्के वजन तांब्याचे असते. समजा, ३० मिलिलिटरच्या बाटलीत या घटकाचे प्रमाण खरोखर १ टक्का आहे. म्हणजे संपूर्ण बाटलीत सुमारे ३०० मिलिग्रॅम पेप्टाइड-संयुग आणि त्यात ४७-४८ मिलिग्रॅम तांबे झाले. एका वेळी अर्धा मिलिलिटर सीरम लावले, तर चेहऱ्यावर ०.८ मिलिग्रॅमच्या आसपास तांबे येते आणि त्यातील किंचितसा भागच आत जातो. म्हणूनच निरोगी त्वचेवर माफक वापराने शरीरात तांबे साठण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न लेबलवरील टक्क्यांचा असतो. हा कच्चा माल अनेकदा आधीच पातळ केलेल्या द्रावणाच्या स्वरूपात मिळतो. त्यामुळे ‘१० टक्के कॉपर पेप्टाइड द्रावण’ याचा अर्थ १० टक्के पेप्टाइड असा होत नाही. घटकांच्या यादीतही एक बारकावा आहे. १ टक्क्यापेक्षा अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याखालील घटक मात्र कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून यादीतील स्थानावरून प्रमाणाचा अचूक अंदाज बांधता येत नाही. यादीत ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-१’ नसेल आणि केवळ तांब्याचे इतर क्षार किंवा निळा रंग असेल, तर ते हे पेप्टाइड नव्हे, एवढे मात्र नक्की सांगता येते.

व्हिटॅमिन सीसोबत लावू नये, असे का म्हणतात?

यामागे साधे रसायनशास्त्र आहे. व्हिटॅमिन सी म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल. ते तांब्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन देते आणि स्वतःचे ऑक्सिडीकरण होऊन निकामी होते. तांबे ही प्रक्रिया वेगवान करते. दुसरे म्हणजे व्हिटॅमिन सीची किंवा ग्लायकोलिक आम्लाची सीरम तीव्र आम्लधर्मी असतात. आम्लता वाढली की हिस्टिडिनची तांब्यावरील पकड सैल होते. म्हणजे दोन्ही महाग बाटल्या एकमेकींचा परिणाम कमी करू शकतात. दोन्ही वापरायच्याच असतील, तर एक सकाळी आणि दुसरी रात्री लावणे हा व्यवहार्य मार्ग आहे. निळे सीरम हिरवट, तपकिरी झाले किंवा तळाशी गाळ बसला, तर ते टाकून द्यावे.

तांब्याच्या भांड्यातील पाणी प्यायल्याने हाच फायदा मिळतो का?

मराठी घरांत रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून सकाळी पिण्याची पद्धत आजही अनेक ठिकाणी आहे. या पाण्यात तांब्याचे आयन सूक्ष्म प्रमाणात उतरतात. पण ते पेप्टाइड नसते. पोटात गेलेले तांबे आतड्यातून शोषले जाते, यकृताकडे जाते आणि तिथून गरजेनुसार त्याचे वाटप होते. चेहऱ्याच्या त्वचेला ते थेट मिळत नाही. आहारात तांबे पुरेसे असेल, तर अधिकच्या तांब्याने त्वचा उजळते असे मानायला आधार नाही. पिण्याच्या पाण्यातील तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिलिटर २ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. ताक, लिंबूपाणी, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवू नयेत, हा जुन्या पिढीचा दंडक याच कारणाने योग्य आहे.

अतिरिक्त तांबे काय करू शकते, याचा एक दुःखद धडा महाराष्ट्राने पाहिला आहे. लहान मुलांचे यकृत निकामी करणारा ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’ हा आजार एकेकाळी अनेक कुटुंबांवर घाला घालत असे. या बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड असायचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ आणि ब्रिटिश संशोधक स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यामागील संभाव्य कारण मांडले. तान्ह्या बाळांना लवकर वरचे दूध सुरू केले जाई आणि ते कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले किंवा ठेवले जाई. दुधातील प्रथिने तांबे पकडून ठेवत आणि ते बाळाच्या पोटात जाई. भांडी बदलली, स्टील आले आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. प्रथिनांना चिकटलेले तांबे शरीरात किती सहज प्रवेश करते, हे त्यातून दिसते. चेहऱ्यावर सीरम लावणे आणि तांबे पोटात किंवा रक्तात जाणे या वेगळ्या गोष्टी का आहेत, हेही त्यातून समजते.

इंजेक्शनचा प्रकार काय आहे?

सध्या सर्वाधिक काळजीची बाब हीच आहे. ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का असलेल्या, पेप्टाइडची भुकटी असलेल्या छोट्या कुप्या ऑनलाइन विकल्या जातात. त्या निर्जंतुक पाण्यात विरघळवून स्वतःच त्वचेखाली टोचून घेण्याचे सल्ले समाजमाध्यमांवर दिले जातात.

इंजेक्शनने त्वचेची संरक्षक भिंत पूर्णपणे ओलांडली जाते. सीरमच्या बाबतीत सुरक्षितता देणारा कमी शोषणाचा मुद्दा इथे लागूच होत नाही. विक्रेते ‘९९ टक्के शुद्ध’ असे प्रमाणपत्र दाखवतात. पण ही शुद्धता रासायनिक असते. त्यात जिवाणूंची विषद्रव्ये आहेत का, कुपी निर्जंतुक आहे का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इंजेक्शनसाठीच्या जीएचके-सीयूचा समावेश सुरक्षिततेचे गंभीर धोके संभवणाऱ्या पदार्थांच्या यादीत केला होता. पेप्टाइडचे रेणू एकत्र येऊन गुठळ्या होणे, त्यातील अशुद्ध घटक आणि त्यामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकीच्या पद्धतीने जागी होणे, ही चिंता त्यामागे होती.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. १९७३ च्या मूळ शोधनिबंधाच्या शीर्षकातच दोन निष्कर्ष होते. हा रेणू यकृताच्या सामान्य पेशींना अधिक काळ जगवतो आणि कर्करोगग्रस्त यकृतपेशींच्या वाढीलाही चालना देतो. पुढील काही प्रयोगांत त्याउलट निष्कर्षही आले आहेत. प्रसाधनाच्या वापराने कर्करोग होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. मात्र पेशींच्या वाढीवर परिणाम करणारा पदार्थ दीर्घकाळ रक्तात सोडण्यापूर्वी माणसांवरील सुरक्षा-चाचण्या आवश्यक असतात.

भारतात नियम काय सांगतात?

भारतात सौंदर्यप्रसाधनांवर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार नियंत्रण ठेवले जाते. कायद्याच्या व्याख्येनुसार शरीरावर चोळण्यासाठी, ओतण्यासाठी, शिंपडण्यासाठी, फवारण्यासाठी किंवा लावण्यासाठी, स्वच्छता आणि सौंदर्य या हेतूने वापरली जाणारी वस्तू म्हणजे प्रसाधन. ‘जखम भरते’, ‘आजार बरा होतो’ असे दावे औषधाच्या कक्षेत जातात. प्रसाधनाच्या परवान्यावर ते करता येत नाहीत.

वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम मुदत आणि घटकांची यादी असणे बंधनकारक आहे. आयात केलेल्या प्रसाधनावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचा पत्ताही लागतो. या गोष्टी नसतील, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ते घेऊ नये. फसव्या दाव्यांविरोधात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

मग वापरावे की नाही?

निरोगी त्वचा असलेल्या प्रौढांसाठी कॉपर पेप्टाइडचे सीरम बहुधा सुरक्षित आहे. ते रेटिनॉइडसारखी जळजळ सहसा करत नाही, ही त्याची जमेची बाजू. सुरुवातीला कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस दोन-तीन दिवस थोडे लावून पाहावे. लाली, खाज आली तर थांबावे. विल्सन आजाराचे रुग्ण, कर्करोगावर उपचार घेणारे, गर्भवती महिला आणि एक्झिमासारखा त्वचाविकार असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मात्र खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवायचा असेल, तर पुराव्यांचे वजन दुसरीकडे आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत, मर्जीनुसार कधीतरी लावणाऱ्यांच्या तुलनेत वार्धक्याच्या खुणा २४ टक्के कमी आढळल्या. सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइनचा परिणामही अनेक दशकांच्या चाचण्यांतून सिद्ध झाला आहे. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायचे औषध आहे. कॉपर पेप्टाइडकडे अशा मोठ्या, दीर्घकालीन आणि स्वतंत्र चाचण्या अद्याप नाहीत.

त्यामुळे सनस्क्रीन, सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर एवढे नियमित झाल्यावर पैसे शिल्लक राहत असतील, तर निळ्या बाटलीचा प्रयोग करून पाहायला हरकत नाही. किमान तीन महिने वापरल्याशिवाय त्याचा अंदाज येणार नाही. एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी दर महिन्याला छायाचित्र काढून ठेवले, तर फरक आहे की नाही हे जाहिरातीपेक्षा अधिक नेमकेपणाने कळेल. जखम भरत नसेल, तर मात्र बाटली बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. आणि पेप्टाइडची कुपी टोचून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो सरळ नाकारावा.